रेचेल कार्सन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ॲलेगेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. त्यांना लेखनाची ओढ होती आणि महाविद्यालयात त्या इंग्रजी साहित्य शिकण्यासाठीच गेल्या. पण तेथे जीवशास्त्राने त्यांना आपलेसे केले. १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवताना त्यांनी माशाच्या भ्रूणाचा अभ्यास केला. १९३५ मध्ये वडील वारले, घराचा भार अंगावर आला आणि पुढच्या वर्षी त्या सरकारच्या मत्स्यविभागात रुजू झाल्या. समुद्रावरील त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये गाजले, तेव्हा कुठे त्यांना नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिता आले.

त्या काळी डीडीटी आणि त्याच्या कुळातील कीटकनाशके सर्रास फवारली जात. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात १९४९ पासून चिलटे मारण्यासाठी डीडीडी नावाचे द्रव्य मिसळले गेले. गंमत अशी, की ती चिलटे चावतसुद्धा नव्हती! १९५४ मध्ये पाच कोटी भाग पाण्यात एक भाग, इतकेच द्रव्य टाकले होते. परंतु ते पाण्यात विरून गेले नाही. सूक्ष्म वनस्पतींतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि त्यांना खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांत ते साठत गेले. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सोळाशे भाग, म्हणजे सरोवरातील पाण्याच्या ऐंशी हजार पट भरले.

कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही हकिकत मांडली. डीडीडी हे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यस्तराचे कार्य दडपते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. विष केवळ मारत नाही, ते शरीराच्या संप्रेरकांच्या कारभारातही ढवळाढवळ करते, ही बाब त्या काळी फार थोड्यांच्या ध्यानात आली होती. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की डीडीटीसारखी काही द्रव्ये माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतात. मग नर माशाच्या रक्तात अंड्याच्या बलकाचे प्रथिन आढळते आणि कधी त्याच्या वृषणात अंडपेशी दिसतात. असा मासा मरत नाही, पोहत राहतो. म्हणूनच हे नुकसान सहज लक्षात येत नाही.

कीटकनाशकांच्या कारखानदारांनी कार्सन यांच्यावर कडाडून टीका केली. वस्तुतः त्यांनी सर्व रसायनांवर बंदी मागितलीच नव्हती. अविचारी वापराला त्यांचा विरोध होता. या साऱ्या काळात त्यांना स्तनाचा कर्करोग जडलेला होता. विरोधकांच्या हाती कोलीत नको, म्हणून त्यांनी आजार जगापासून लपवला. जून १९६३ मध्ये त्याच अवस्थेत त्यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. त्यानंतरही कित्येक दशके तेथील सरोवरांच्या गाळात आणि माशांच्या चरबीत त्याचे अंश सापडत राहिले.