लहुजी वस्ताद

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४ साली पुरंदर किल्ल्याच्या परिसरात झाला. मांग समाजातील या घराण्यात शस्त्रविद्या पिढीजात होती. १८१७ साली खडकीच्या लढाईत त्यांचे वडील इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. पेशवाई बुडाली, लहुजींनी मात्र आपली विद्या बुडू दिली नाही. पुण्यात गंज पेठेतील तालमीत ते तरुणांना शिकवू लागले.

नवशिक्याला दांडपट्टा सोपा नसतो. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, म्हणून मनगट वळत नाही. वार खांद्यातून व कमरेतून फिरवावा लागतो. पाते लांब आणि लवचीक. तोल गेला, की ते आपल्याच अंगावर यायचे! ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, अशा जातीतील वस्तादांकडे जोतीराव फुले ही विद्या आणि निशाणबाजी शिकले. इंग्रजांना घालवून द्यावे, हा तेव्हा त्यांचा हेतू होता.

पुढे जोतीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. त्या वेळी आपल्या समाजातील पालकांची समजूत घालून मुले शाळेत आणण्यास लहुजीच पुढे आले. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी ते निवर्तले. त्यांची समाधी पुण्यात संगमवाडी येथे आहे.