डॉक्टर जॉन विल्सन व त्यांचे कॉलेज

आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न पुष्कळदा निघतो. मिशनने शाळा व कॉलेजे काढली ती सुवार्तेकरिता. पण आज त्यांच्या बाकांवर ख्रिस्ती मुले थोडी व इतर धर्मांची फार दिसतात. मग ते सारे श्रम वाया गेले की काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते त्यांचे चरित्र उपयोगी पडेल, म्हणून ते थोडक्यात सांगतो.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे विद्याभ्यास करून सन १८२९ च्या आरंभी पत्नी मार्गारेट यांच्यासह ते मुंबईस उतरले. प्रथम त्यांनी मराठी भाषा हस्तगत केली, व पुढे गुजराथी, संस्कृत, फारसी ह्या भाषांचाही अभ्यास केला. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे लोकांस विपरीत वाटे. सन १८३५ मध्ये बाई देवाघरी गेल्या, परंतु ते काम खुंटले नाही.

सन १८३२ मध्ये विल्सनसाहेबांनी मुलांसाठी इंग्रजी शाळा उघडली. तीत इतर विद्यांबरोबर पवित्र शास्त्र शिकविले जाई, व ही गोष्ट कोणापासून लपविलेली नव्हती. मे १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठी खळबळ उडाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. तरुणांनी आपल्या इच्छेप्रमाणे राहावे असे तेथे ठरले. पण पालकांनी आपली मुले काढून नेली व शाळा ओस पडण्याच्या बेतास आली. त्या आईबापांचे दुःखही खरे होते, हे आपण विसरू नये. यापुढे कोणास बाप्तिस्मा देणार नाही असे वचन दिले असते, तर बाके कदाचित लवकर भरली असती. विल्सनसाहेबांनी तसे वचन दिले नाही, आणि शाळाही बंद केली नाही. काही काळाने मुले पुन्हा येऊ लागली.

दुसरी कसोटी सन १८४३ मध्ये आली. पाळकांच्या नेमणुकीत मंडळीबाहेरच्या सत्तेचा हात असावा की नसावा, ह्यावरून स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. विल्सनसाहेब स्वतंत्र मंडळीस मिळाले. इमारत जुन्या मंडळीकडे राहिली, व शाळेस दुसरीकडे नव्याने संसार मांडावा लागला. ह्याच शाळेशी नारायण शेषाद्री व बाबा पदमनजी यांचा संबंध होता. पहिल्यांनी पुढे जालना येथे खेड्यापाड्यांतील लोकांत सेवा केली. दुसऱ्यांचे ‘यमुनापर्यटन’ सन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता बदलाची गोष्ट. सन १८५४ पासून सरकार खाजगी शाळांस अनुदान देऊ लागले, व सन १८५७ मध्ये मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले. हे विद्यापीठ कोणत्याही एका धर्माचे नव्हते. त्याच्या परीक्षांत पवित्र शास्त्रास स्थान नव्हते. तरी विल्सनसाहेब त्यापासून दूर राहिले नाहीत. सन १८६८ मध्ये ते त्याचे कुलगुरूही झाले. म्हणजे ज्या दारातून पुढे बदल आत आला, ते दार उघडण्यास संस्थापकांचाच हात लागला होता.

१ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. सन १८८९ मध्ये चौपाटीसमोर कॉलेजची दगडी इमारत उभी राहिली. विद्यार्थी वाढले, तसा परीक्षांचा भारही वाढला. सन १९३०-३१ मध्ये लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एका मंडळाने हिंदुस्थानातील ख्रिस्ती कॉलेजांची पाहणी केली, तेव्हा परीक्षांच्या ओझ्याखाली मूळ हेतू दडपला जात आहे अशी चिंता त्यांनी स्पष्ट दाखविली. धर्मशास्त्राचा मोठा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे ह्याच कॉलेजचे विद्यार्थी, व पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाईही येथलेच. आज तेथे सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात व मुंबई विद्यापीठाची पदवी घेतात.

मग श्रम वाया गेले काय? आमच्या सोनगीरचा तांबट हंडा घडवितो, त्याची शिवण पक्की करितो. पुढे तो हंडा कोणाच्या ओट्यावर जाईल हे त्याच्या हाती नसते. पाणी गळू नये, एवढे मात्र त्याच्या हाती असते. कॉलेजने खरी विद्या दिली, जात न पाहता सर्वांस एका बाकावर बसविले, तर तेही लहान काम नव्हे. तथापि, ते मंडळीचे काम नव्हे, हेही तितकेच खरे.

बंधूंनो, खरा धोका येथेच आहे. शाळा आहे, ती आमच्या मुलांस शास्त्र शिकवील, असे समजून आपण स्वस्थ बसलो, तर दोष कॉलेजचा नव्हे, आपला होईल. शाळा बदलतात, त्यांवर सरकारचे नियम येतात, परीक्षा येतात. घरातील संध्याकाळची प्रार्थना व रविवारची शाळा मात्र आपल्या हाती आहे. तीत कोणताही इन्स्पेक्टर येत नाही. उपदेशकांनी ह्या आठवड्यात आपल्या गावच्या रविवारच्या शाळेत किती मुले येतात ती मोजावी, व जी येत नाहीत त्यांच्या घरी जावे. आणि गावातील इतर धर्मांचे मूल आपल्या शाळेच्या दाराशी आले, तर त्यास आनंदाने आत घ्यावे.