मौलाबक्षांची पणती

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बहिर्जी नाईक उभे राहतात. घटकेत फकीर, घटकेत गोंधळी. वेष पालटावा, आवाज पालटावा, शत्रूच्या मांडीला मांडी लावून बसावे आणि त्याच्या पोटातले काढून घ्यावे, ही हेराची कल्पना पोवाड्यांतून आणि कादंबऱ्यांतून लहानपणापासून आपल्या मनात बसलेली असते. मी ज्या हेराविषयी लिहीत आहे ती या कल्पनेत कोठेच बसत नाही. ती लाजाळू होती, स्वप्नाळू होती, मुलांसाठी गोष्टी लिहीत असे, वीणा वाजवीत असे. खोटे बोलू नये ही घरची शिकवण तिने इतकी मनावर घेतली होती की, तिला हेरगिरी शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. तिचे नाव नूर-उन्-निसा इनायत खान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बळकावलेल्या पॅरिस शहरात तिने बिनतारी संदेशयंत्र चालवले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी तिला गोळी घालण्यात आली.

तिच्यावर इंग्रजीत चरित्रे आहेत, कादंबऱ्याही आहेत. लिहिणाऱ्यांना तिच्यातली राजकन्या फार आवडते, कारण टिपू सुलतानाच्या रक्ताचा संबंध सांगितला की गोष्टीला रंग चढतो. मला मात्र तिची हकीकत बडोद्यापासून सांगावीशी वाटते.

बडोदे हे गुजरातेतले मराठी राज्य. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड तेथे राज्य करीत होते. त्यांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती दिली. गाणे घराण्याच्या चार भिंतींत कोंडलेले असण्याचा तो काळ. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि शाळेत बसून शिकता येईल असे संगीत केले. त्यांची पत्नी टिपूच्या वंशातली, असे त्या घरात सांगत आले आहेत. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत १८८२ साली बडोद्यातच जन्मला, आजोबांच्या घरी वाढला, वीणा शिकला, पुढे सूफी मार्गाला लागला आणि १३ सप्टेंबर १९१० रोजी भावांसह अमेरिकेच्या वाटेला लागला. तीन वर्षांनी, १९१३ साली, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. ज्या घरात कॉलेजचे तोंड पहिल्यांदा मीच पाहिले त्या घरातल्या मुलीला सयाजीरावांचे नाव आले की थोडे थांबावेसे वाटते, म्हणून एवढा विस्तार केला. असो.

अमेरिकेत इनायत खाँची ओरा रे बेकर या तरुणीशी ओळख झाली. तिच्या घरच्यांचा विरोध होता. ती घर सोडून आली आणि मार्च १९१३ मध्ये लंडनला त्यांचा विवाह झाला. पुढे ती अमीना बेगम झाली. त्यांची थोरली मुलगी नूर १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे जन्मली, कारण वडिलांचा गाण्याबजावण्याचा मुक्काम त्या वेळी तेथे होता. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. काही वर्षे लंडनला काढून १९२० मध्ये हे कुटुंब फ्रान्सला गेले आणि पॅरिसजवळ सुरेन या गावी स्थिरावले. घराचे नाव फजल मंझिल. नूरच्या पाठीवर विलायत, हिदायत आणि खैर-उन्-निसा अशी तीन भावंडे. घरात सतार-वीणा, ध्यानधारणा, देशोदेशीचे शिष्य. आणि मुलांना शिकवण एकच, की कोणाला दुखवू नये आणि खोटे बोलू नये.

फेब्रुवारी १९२७ मध्ये इनायत खाँ दिल्लीत वारले. नूर तेरा वर्षांची होती. आई दुःखाने खोलीत मिटून गेली आणि घर थोरल्या मुलीवर पडले. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत मोठी माणसे बांधीत असतात तेव्हा धाकट्यांना जेवू घालायला थोरली मुलगीच घरी राहते. म्हणून हा भाग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. फरक एवढाच की, रोवणी पंधरा-वीस दिवसांत आटोपते. नूरचे हे दिवस अनेक वर्षे चालले.

त्यातही ती शिकली. सॉर्बोन विद्यापीठात बालमानसशास्त्र, नादिया बूलांजे यांच्याकडे संगीत, हार्प, पियानो. पॅरिसच्या आकाशवाणीवर आणि फिगारो या वृत्तपत्रात तिच्या बालकथा येऊ लागल्या. १९३९ साली लंडनहून तिचे इंग्रजी पुस्तक निघाले: वीस जातककथा. वर्षावासात विहारात ज्या कथा आपण ऐकतो त्याच या कथा. त्यात त्या वानरराजाचीही कथा आहे, जो आपल्या कळपाला पलीकडे जाता यावे म्हणून स्वतःच्या शरीराचा पूल करतो, सगळे त्याच्या पाठीवरून सुटतात आणि त्याचा मात्र अंत होतो. एका सूफी मुसलमानाच्या मुलीने, फ्रान्समध्ये बसून, इंग्रजीत बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा मुलांना सांगाव्यात ही गोष्ट मला तिच्या पदकांपेक्षा मोठी वाटते.

१४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. नूरचे कुटुंब बोर्दोमार्गे बोटीने इंग्लंडला निसटले. अहिंसेवर वाढलेल्या या मुलांपुढे आता प्रश्न होता. नाझींना विरोध तर केलाच पाहिजे. पण मारायचे कसे? विलायत आणि नूर यांनी असे ठरवले की, जीव घेण्याचे नव्हे पण जीव जाण्याचे काम पत्करायचे. विलायत पुढे नौदलात गेला. नूर नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटिश विमानदलाच्या स्त्रीशाखेत भरती झाली आणि मोर्सच्या कड-कट्ट भाषेत संदेश पाठवायला शिकली. तिचा हात इतका जड पडे की, मैत्रिणी तिची थट्टा करीत.

येथे थांबणे भाग आहे. ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की म्हणजे ही पोरगी इंग्रजांची नोकर होती काय? प्रश्न रास्त आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला गोळ्या सुटल्या, आष्टीला सुटल्या. शेजारच्या तुमसरलाही त्याच महिन्यात लोक मेले. त्या गोळ्या ज्या सरकारच्या, त्याच सरकारचा गणवेश नूरच्या अंगावर होता. पण बढतीच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयी विचारले, तेव्हा तिने सरळ सांगून टाकले की, युद्ध चालू आहे तोवर ती ब्रिटनशी इमान राखील, पण ते संपल्यावर आपल्या देशाच्या बाजूने उभी राहील. गोड बोलून वेळ मारून नेणे तिला सहज शक्य होते. तिने ते केले नाही. मी आजीला हे सांगितले. आजीचे पुरते समाधान झाले नाही, आणि खरे म्हणजे माझेही झालेले नाही. फ्रान्स गुलाम होऊ नये म्हणून जो देश लढत होता तोच आपल्याला गुलाम ठेवून होता. ही गाठ नूरच्या आयुष्यात सुटली नाही, कारण युद्धानंतरचे आयुष्य तिला मिळालेच नाही.

१९४३ च्या फेब्रुवारीत गुप्त कारवायांच्या ब्रिटिश खात्याने तिला घेतले, कारण ती फ्रेंच फ्रेंचांसारखी बोले आणि बिनतारी यंत्र जाणे. शिक्षकांचे अहवाल मात्र चांगले नव्हते. बुद्धी बेताची, स्वभाव भाबडा, या कामाला अयोग्य, असा त्यांचा सूर. लुटूपुटूच्या चौकशीत ती भीतीने गारठली. तरी तिला पाठवले, कारण यंत्र चालवणारी माणसे उरली नव्हती.

१६ जूनच्या रात्री ती निघाली. आपल्या गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी त्याच महायुद्धाच्या काळातली. लायसँडर नावाच्या छोट्या विमानाला तेवढी जागा लागत नसे. चांदणी रात्र, एखादे सपाट शेत आणि जमिनीवर तीन-चार बॅटऱ्यांचा उजेड एवढे त्याला पुरे. अशा शेतात नूर उतरली. कागदोपत्री ती जान-मारी रेनिए नावाची मुले सांभाळणारी दाई. खात्यात टोपणनाव मादलेन. शत्रूच्या ताब्यातील फ्रान्समध्ये यंत्र घेऊन पाठवलेली ती पहिली स्त्री होती. ग्रिन्यों येथील कृषी महाविद्यालयात तिला आसरा मिळाला आणि तेथूनच तिने पहिला संदेश पाठवला. सुरुवातीला तिचे काही ना काही चुके. कपात इंग्रजांसारखे आधी दूध ओतले म्हणून तेथील यजमानांनी तिला टोकल्याची गोष्ट सांगतात.

आठवडा झाला नाही तोच आभाळ फाटले. २४ जूनला तिच्या मंडळाचा प्रमुख फ्रान्सिस सटिल पकडला गेला. पाठोपाठ शेकडो माणसे. यंत्रे गेली, यंत्रे चालवणारे गेले. थोड्याच दिवसांत पॅरिसहून लंडनशी बोलणारे जवळजवळ नूरचेच एक यंत्र शिल्लक राहिले. लंडनने तिला परत बोलावले. बदली माणूस आल्याशिवाय हलणार नाही, असे तिने कळवले.

त्या काळी अशा माणसाचे आयुष्य सहा आठवड्यांचे धरीत. यंत्र सुटकेसमध्ये मावे, वजन सुमारे पंधरा किलो. त्याची लांबलचक तार झाडावर किंवा गच्चीवर टाकावी लागे. बोलत राहिले की जर्मनांच्या शोधगाड्या आवाजाचा माग काढीत गल्लीपर्यंत येत, म्हणून वीस मिनिटांच्या आत आटोपून जागा बदलायची. नूर साडेतीन महिने हे करीत राहिली. केस कधी तांबडे रंगवी, कधी सोनेरी. सुरेनच्या जुन्या शेजाऱ्यांकडे जाऊन तिने यंत्र लावले. एकानेही तोंड उघडले नाही. एकदा खिडकीबाहेर तार टाकताना एका जर्मन अधिकाऱ्याने तिला पाहिले. तिने रेडिओवर गाणी ऐकायची आहेत असे सांगितले आणि त्याने तार बांधायला मदत केली, असेही सांगतात. शस्त्रे, पैसे, माणसे यांची ने-आण तिच्या बोटांवर चालली होती.

ऑक्टोबरच्या मध्यास कोणीतरी पैशासाठी तिला विकले. ती राहत्या खोलीत पकडली गेली आणि तेथेच तिची वही सापडली.

या वहीबद्दल बोलताना तिच्यावर प्रेम करणारी माणसे घाई करतात. मी करणार नाही. पाठवलेला संदेश जाळून टाकावा हा नियम. नूरने आपले सारे संदेश, सांकेतिक खुणांसह, वहीत नीट लिहून ठेवले होते. तिला दिलेल्या सूचनेत फायलिंग हा शब्द होता. त्याचा अर्थ संदेश धाडणे असा असताना तिने जपून ठेवणे असा घेतला असावा, असे चरित्रकार म्हणतात. कारण काही असो, जर्मनांनी त्या वहीवरून तिच्या नावाने लंडनशी बोलायला सुरुवात केली. पहारेकऱ्यांशी ती घरच्या, बालपणीच्या गोष्टी बोले, त्याही उपयोगी पडल्या. लंडनच्या कचेरीला वेळीच शंका आली नाही. १९४४ च्या फेब्रुवारीअखेरीस तीन हेर हवाई छत्रीने उतरले ते थेट जर्मनांच्या हातात. त्यांपैकी एक मादलेन दामेरमाँ नावाची तरुणी होती.

पॅरिसमध्ये फॉश मार्गावरील ८४ क्रमांकाच्या इमारतीत नूरची चौकशी चाले. आल्या दिवशीच ती न्हाणीघराच्या खिडकीतून पळू पाहत होती. नोव्हेंबरात दोन कैद्यांसह छपरावरून पुन्हा निघाली. नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, मोजणी झाली आणि तिघे सापडले. पुन्हा पळणार नाही असे लिहून द्यायला तिने नकार दिला. म्हणून तिला जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात, हातापायांत साखळदंड घालून, दहा महिने एकटे ठेवले. त्या इमारतीचा प्रमुख किफर याने युद्धानंतर साक्ष दिली की, तिने कामाची एकही गोष्ट सांगितली नाही. ती सतत खोटे बोलत राहिली. ज्या मुलीला खोटे बोलता येत नाही असे शिक्षकांनी लिहिले होते तिच्याविषयी हे शत्रूचे प्रमाणपत्र आहे.

२५ ऑगस्ट १९४४ ला पॅरिस मुक्त झाले. त्यानंतर १९ दिवसांनी, १३ सप्टेंबरच्या सकाळी, दाखाऊच्या छळछावणीत चार स्त्रियांना गोळ्या घातल्या: योलांद बेकमन, एलियान प्लूमन, मादलेन दामेरमाँ आणि नूर. नूरच्या यंत्राच्या नावावर जी फसली तीच शेवटच्या घटकेला तिच्या सोबत होती. त्या दोघींत काही बोलणे झाले असेल काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तारीख तीच, जिला चौतीस वर्षांपूर्वी इनायत खाँनी हिंदुस्थान सोडला होता.

आईला बरेच दिवस काही कळले नाही. खात्याने आधी दुसऱ्याच छावणीचे नाव सांगितले. दाखाऊचे खरे काय ते १९४७ साली उलगडले. फ्रान्सने क्रॉ द गेर दिला, ब्रिटनने १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस. लंडनच्या गॉर्डन चौकात २०१२ साली तिचा अर्धपुतळा बसला.

फोर्त्सहाइमच्या तुरुंगात शेजारच्या कोठड्यांतील बायकांशी बोलायची तिने एक युक्ती काढली होती. जेवणाच्या भांड्याच्या बुडावर ती टोकदार वस्तूने अक्षरे कोरी. भांडी फिरत फिरत दुसऱ्या कोठडीत जात. तेथे तिने आपले नाव नोरा बेकर असे कोरले, आईचे माहेरचे आडनाव लावून, आणि खाली लंडनचा पत्ता कोरला: ४, टॅव्हिटन स्ट्रीट. २०२० साली त्या घरावर तिच्या नावाची निळी पाटी लागली.