विश्लेषण : समुद्र विषारी का झाला नाही? गोल्डश्मिट यांनी शोधलेले उत्तर

खडक झिजतात आणि त्यातील आर्सेनिक, शिसे, सेलेनियम नद्यांवाटे समुद्रात जाते. कोट्यवधी वर्षे हे सुरू आहे. तरीही समुद्राच्या पाण्यात या विषारी मूलद्रव्यांचे प्रमाण अत्यल्प आहे. मग ती जातात कुठे? याचे उत्तर शोधले भू-रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी.

गोल्डश्मिट कोण होते?

जन्म २७ जानेवारी १८८८, झुरिक. वडील हाइनरिख रसायनशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये हे ज्यू कुटुंब नॉर्वेत ऑस्लोला (तेव्हाचे क्रिस्टियानिया) आले. व्हिक्टर २६ व्या वर्षीच तेथे प्राध्यापक झाले. कोणते मूलद्रव्य कोणत्या खनिजात सापडते आणि का, याचे नियम त्यांनी मांडले. १९२९ मध्ये ते जर्मनीतील गोटिंगेन विद्यापीठात गेले. नाझी राजवटीत ज्यूंविरोधी वातावरण तापल्यावर १९३५ मध्ये राजीनामा देऊन ते नॉर्वेला परतले.

समुद्राचे गणित काय होते?

समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यामागे सुमारे ६०० ग्रॅम खडक झिजला असावा, असा हिशेब त्यांनी केला. त्यातील सगळे विष पाण्यात राहिले असते, तर समुद्र सजीवांसाठी घातक ठरला असता. पण पाण्यात लोहाच्या हायड्रॉक्साइडचे, म्हणजे साध्या भाषेत गंजाचे, बारीक कण तयार होतात. आर्सेनिक, शिसे, सेलेनियम त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि कणांसोबत तळाशी बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

मृत्यूच्या दारातून सुटका कशी झाली?

नॉर्वे नाझींच्या ताब्यात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना अटक झाली. २६ नोव्हेंबरला पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन ‘डोनाऊ’ जहाज ऑस्लोहून निघाले. त्यातील बहुतेकांचा शेवट ऑशविट्झमध्ये झाला. गोल्डश्मिट यांनाही धक्क्यावर आणले होते. मात्र त्यांचे ज्ञान देशासाठी गरजेचे आहे, असे सहकाऱ्यांनी पटवून दिल्याने त्यांना ऐनवेळी मागे ठेवले गेले. महिनाभरात ते स्वीडनला निसटले आणि १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले. तेथे अ‍ॅबर्डीनच्या मॅकॉले संस्थेत आणि नंतर रोथॅमस्टेडमध्ये त्यांनी मातीवर काम केले. कैदेत ढासळलेली प्रकृती मात्र सुधारली नाही. २० मार्च १९४७ रोजी ऑस्लोत त्यांचे निधन झाले. ‘जिओकेमिस्ट्री’ हा त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

आज याचे महत्त्व काय?

ही पकड कायमची नसते. पाण्याची आम्लता बदलली, तर धातू सुटू शकतात. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात जमिनीखालच्या गाळात ऑक्सिजन संपतो, सूक्ष्मजीव लोहाचे कण विरघळवतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक भूजलात उतरते. तेच पाणी हातपंपातून घरात येते. दिसायला स्वच्छ, चवीला नेहमीसारखे. त्यावरचा एक उपायही याच गुणधर्मावर आधारलेला आहे : आर्सेनिक गाळणाऱ्या अनेक फिल्टरमध्ये लोहाची संयुगेच वापरली जातात.