पत्रा लाटला की धातूच्या आत काय होतं? हे कोडं सोडवणारे जी. आय. टेलर

ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती कापून प्रेसवर तिचा डबा केला, की काठ बऱ्याचदा सरळ येत नाही. बहुधा चार ठिकाणी वर उठतो. तेवढा भाग कापून भंगारात जातो. साचा बरोबर असतो, कारागीरही. गडबड असते पत्र्याच्या आत.

धातू म्हणजे एकमेकांना चिकटलेले असंख्य बारीक स्फटिक. रोलिंग मिलमध्ये पत्रा पातळ होताना हे स्फटिक नुसते चपटे होत नाहीत, वळतातही. बरेचसे ठरावीक दिशांना लागतात आणि पत्रा सगळीकडून सारखा ताणला जात नाही. हे वळणं गणितात पकडलं जेफ्री इंग्रम टेलर यांनी.

जन्म ७ मार्च १८८६, लंडन. आजोबा जॉर्ज बूल, ज्यांच्या बीजगणितावर आजचे कॉम्प्युटर चालतात. आजी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हो, शिखराला ज्यांचं नाव आहे तेच एव्हरेस्ट.

टेलर मुळात हवा-पाण्याच्या प्रवाहांचे अभ्यासक. धातूंकडे ते वळले तेव्हा त्यांच्या जोडीला होत्या कॉन्स्टन्स ईलम. त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, पण ॲल्युमिनियमचे मोठे एकसंध स्फटिक बनवण्यात त्यांचा हात बसलेला होता. दोघांनी अशा स्फटिकावर रेघा आखल्या, तो ताणला आणि आतली दिशा क्ष-किरणांनी मोजली. १९२३ मध्ये निष्कर्ष आला: अणूंचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात, तेही ठरावीक पातळीवर, ठरावीक दिशेनेच. आणि घसरता घसरता स्फटिक वळतो.

पण पत्र्यात स्फटिक एकटा नसतो. शेजाऱ्यांमध्ये फट पडू न देता त्याला आकार बदलावा लागतो. १९३८ मध्ये टेलर यांनी मांडलं की त्यासाठी घसरण्याच्या बारा वाटांपैकी किमान पाच एकाच वेळी लागतात. सगळ्यात कमी कष्टाच्या पाच निवडा, म्हणजे स्फटिक कुठे वळेल ते कळतं.

त्यांचा हिशेब ताणलेल्या धातूचा होता. रोलिंगला तो पुढच्या संशोधकांनी लावला. प्रत्येक स्फटिक अख्ख्या धातूइतकाच बदलतो, हे त्यातलं गृहीतक पूर्ण खरं नाही. तरी २७ जून १९७५ रोजी केंब्रिजमध्ये टेलर वारले, त्यानंतरही पत्र्याचा काठ कुठे उठेल याचा अंदाज बांधताना सुरुवात याच हिशेबापासून होते.