कागद गोळा करायला माणसं लागली, पण माणसांशी राजवाड्यांचं पटलं नाही

देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून जुन्या धुळ्यात आलात, तर एका संस्थेच्या पाटीवर तुम्हाला एक नाव दिसेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ. शाळेच्या पुस्तकात हे नाव येतं आणि आपण ते विसरून जातो. पण आज विकिपीडियावर घरबसल्या फुकट काम करणाऱ्या लोकांपुढे जे प्रश्न उभे राहतात, ते या माणसापुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते. ओळखदेख नसलेल्या लोकांकडून माहिती कशी मिळवायची? ती खरी आहे हे कसं ठरवायचं? आणि मदतीला आलेला माणूस टिकवायचा कसा?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राजवाड्यांना सापडली. तिसऱ्याचं मात्र शेवटपर्यंत नाही.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकले, पण अभ्यासक्रमाच्या पुस्तकांपेक्षा स्वतःच्या आवडीचं वाचन आणि व्यायाम यांतच जास्त रमले. बी.ए. व्हायला वयाची सत्ताविशी उजाडली. लग्न झालं, पण पत्नी लवकर वारली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. काही काळ शाळेत शिकवलं, मग तेही सोडलं. जगातले चांगले ग्रंथ मराठीत यावेत म्हणून ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं आणि स्वतः प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं. मासिक काही वर्षांत बंद पडलं. आपण जे लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट मात्र त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

त्यांच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते वाईच्या जुन्या कागदांमुळे. पेशवाईच्या काळातली, पानिपतपर्यंतची मूळ मोडी पत्रं त्यांच्या हाती आली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं होती. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हटलं की लोक ग्रँट डफच्या इंग्रजी पुस्तकाकडे बोट दाखवायचे. राजवाड्यांनी प्रस्तावनेत डफच्या चुका तारखांसकट काढून दाखवल्या. पुढच्या वीसेक वर्षांत अशा खंडांची संख्या २२ झाली.

एकटा माणूस, ना पगार, ना सरकारी मदत. मग एवढे कागद आले कुठून?

ते होते लोकांच्या घरात. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, देवघराच्या मागच्या खोलीत रुमालात बांधलेली दप्तरं पडून होती. काही वाळवी खात होती, काही वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेली होती. मालक ती दाखवायला सहज तयार होत नसत, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. इंग्रजी राज्यात इनामांच्या चौकशा झाल्या होत्या, भाऊबंदकीचे दावे चालू होते. जुन्या कागदातून काय निघेल आणि हातची जमीन जाईल, कोण जाणे! राजवाडे खांद्याला पिशवी लावून गावोगाव फिरले, बरंचसं पायीच. स्वतःचं जेवण स्वतः रांधून खाल्लं. एकेका दप्तरासाठी ओळखी काढल्या, वाट पाहिली, नकार ऐकले, पुन्हा गेले. छपाईलाही एक ठिकाण नव्हतं. काही खंड कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून निघाले. जिथे मदत मिळेल तिथे काम.

आता या कामात चूक कशी होते आणि ती दुरुस्त कशी होते, ते पाहा. पेशवाईतल्या पत्रात बहुधा वर्ष नसतंच. ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिन्याचं नाव, एवढंच. पत्र १७५५ चं की १७५९ चं, हे मजकुरातल्या लढाया, माणसं, मुक्काम यांवरून ताडावं लागतं आणि जंत्रीशी ताळा घ्यावा लागतो. राजवाडे वर्ष ठरवायचे, पण पत्र जसंच्या तसं छापायचे. त्यामुळे मिरजेत बसून पटवर्धनांची दप्तरं धुंडाळणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांसारख्या जाणकाराला त्यांचा निष्कर्ष तपासता यायचा. माझ्यावर विश्वास ठेवा असं सांगायची गरज उरत नव्हती, कागदच समोर होता. आज ऑनलाइन ज्ञानकोशात प्रत्येक विधानाला संदर्भ मागतात, तो आग्रह याच जातीचा.

पण कागद जमवणं एकट्याचं काम नाही हे राजवाड्यांनाही कळलं होतं. म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. वकील, शिक्षक, कारकून, इनामदार, ज्याला जे सापडेल ते त्याने सभेत येऊन वाचावं. मोठा प्रबंधच हवा असं नाही, एखादा शिलालेख, एखादी सनद, एका पत्राची नक्कलही चालेल. मंडळाची इतिवृत्तं चाळली तर असे छोटे छोटे लेख ओळीने दिसतात. माझ्या मते राजवाड्यांच्या २२ खंडांइतकीच ही कल्पना मोठी आहे. हौशी माणसाच्या एका पानालाही तिने छापील जागा दिली.

त्याचं फळही मिळालं. कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा, असं तोवर धरलं जात होतं. शकावलीत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद होती, म्हणजे १६३०. एका घराने एक चोपडी बाहेर काढली आणि वादाची दिशाच बदलली.

याच सुमारास श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दुसरी वाट धरली. त्यांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भागधारक जमवले, कचेरी थाटली आणि २३ खंड पुरे केले. राजवाड्यांना अशी कचेरी सांभाळता आली असती, असं वाटत नाही. त्यांचा स्वभाव फटकळ होता. मतभेद झाला की तो लेखात जाहीर, तोही बोचऱ्या शब्दांत. समोरचा माणूस विद्वान असो की नवखा, सूट नाही. ज्या मंडळाला त्यांनी जन्म दिला, त्याच्याशीही त्यांचं बिनसलं आणि ते बाहेर पडले. पुढची कित्येक दशकं दत्तो वामन पोतदारांसारख्या माणसांनी ते मंडळ चालवलं.

ज्ञानेश्वरीची गोष्ट तर जास्तच चटका लावणारी. बीडजवळच्या पाटांगणला त्यांना एक जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी ज्ञानेश्वरी छापली आणि त्या भाषेचं व्याकरण १९०९ मध्ये लिहिलं. मराठीच्या अभ्यासात हे पाऊल फार मोलाचं. पण अभ्यासकांनी पोथीच्या जुनेपणावर शंका घेतल्या आणि मूळ पोथी मात्र पुढे कुणाला पाहायला मिळाली नाही. तिचं काय झालं याच्या कथा सांगतात, त्यांत राजवाड्यांच्या रागाचीही एक आहे. कथा बाजूला ठेवा. ज्याने आयुष्यभर मूळ कागद लोकांपुढे ठेवला, त्याच्याच सर्वांत वादग्रस्त निष्कर्षाचा मूळ कागद आज तपासायला नाही.

धुळ्याशी त्यांचा संबंध जुना. इथे शंकर श्रीकृष्ण देव होते. पेशाने वकील, पण १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढून रामदासी मठांतली बाडं जमवण्यात त्यांनी हयात घालवली. इथे भास्कर वामन भट होते. खानदेशातली ही मंडळी राजवाड्यांचा स्वभाव ओळखून होती आणि तरीही त्यांना धरून होती. पुण्याहून दुरावलेले राजवाडे अखेरीस इथे आले. त्या वेळी ते शब्दांच्या मागे लागले होते, मराठी धातू कुठून आले याच्या नोंदींचे ढीग साठत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं.

मागे उरले ते कागद. हजारो नोंदी, अर्धवट, एकाच माणसाला कळतील अशा. धुळेकरांनी वेळ घालवला नाही. ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे दहा दिवसांच्या आत, राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पुढे मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवलं. धातूंच्या आणि नामांच्या नोंदी कृ. पां. कुलकर्णी यांनी लावून दोन कोश सिद्ध केले आणि ते धुळ्याहून निघाले. विवाहसंस्थेवरचे त्यांचे लेख जिवंतपणी वादळामुळे अडकले होते, त्यांचंही नंतर पुस्तक झालं. १९९० च्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत आलं, तेही याच मंडळाकडून. त्यांचा संग्रह आजही धुळ्यातच आहे.