फ्रिजचं दार आणि लिलियनबाई

'थर्ब्लिग' हा शब्द इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरच्या आदल्या रात्री मी चक्क घोकला होता. गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटं लिहून तो तयार झालाय, एवढंच मार्कांपुरतं माहीत! त्या आडनावात एक बाईही आहे, हे मला परीक्षा संपल्यावर कळलं.

लिलियन गिलब्रेथ यांचा जन्म १८७८ चा, अमेरिकेतल्या ओकलंडचा. पती फ्रँक यांच्याबरोबर त्या कामगारांच्या हालचालींची फिल्म काढून गरजेची हालचाल कोणती, फुकटची कोणती, हे शोधायच्या. मुलांचा गोतावळा सांभाळून १९१५ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळवली.

१९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. पदरात ११ मुलं. त्यात कारखानदारांनी कामं काढून घेतली. बाईमाणसाकडून कारखान्याचा सल्ला कोण घेणार? पण स्वयंपाकघराबद्दल बाईचं ऐकायला तेच लोक तयार होते! लिलियनबाईंनी तेच दार धरलं.

गंमत म्हणजे त्यांना स्वतःला स्वयंपाकाची फारशी सवय नव्हती. म्हणून त्यांनी विचारायला सुरुवात केली. जनरल इलेक्ट्रिकसाठी काम करताना ४,००० हून जास्त स्त्रियांशी बोलून ओटा, सिंक, शेगडी यांची योग्य उंची ठरवली. फ्रिज, शेगडी, सिंक जवळजवळ आणले, की चालणं किती वाचतं ते मोजून दाखवलं. फ्रिजच्या दारातले कप्पे, अंड्यांची आणि लोण्याची जागा, पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा, यांचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७२ मध्ये त्या गेल्या.

हे वाचलं तेव्हा आमचा फ्रिजवरचा मिनी प्रोजेक्ट चालू होता. सीओपी काढला, ग्राफ काढले, फाईल सबमिट! मग एका सकाळी सहज आईकडे बघत बसलो. भाजीच्या ड्रॉवरसाठी ती ९ वेळा वाकली. दिवसातून एखाद्या वेळी उघडणारा फ्रीजर मात्र डोळ्यांसमोर! आणि खाली कोथिंबीर शोधेपर्यंत दार उघडं, म्हणजे बाहेरची गरम हवा आत आणि कॉम्प्रेसरला जादा काम. आईच्या कंबरेचा आणि लाईट बिलाचा संबंध मला तेव्हा कळला.

विचारलं तर आई म्हणाली, ड्रॉवर वर असता तर बरं झालं असतं, पण आजवर कोणी विचारलंच नाही रे.

मित्रांनो, आमच्या फाईलमध्ये सगळी रीडिंग्ज होती, फक्त हे एक नव्हतं. तुमचा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी ते यंत्र रोज वापरणाऱ्या माणसाला एकदा नक्की विचारा!